हिरव्या लुगड्यातली

तांबडं आणि हिरवं मला एकच दिसतं, हा शोध मला विसाव्या वर्षी हैदराबादेत लागला. तेव्हा निजामाचं राज्य. पुढं शिकायचं तर हैदराबादच गाठावं लागे. एकदा कॉलेजात डॉक्टर आले, रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरून त्यातले आकडे वाचायला लावले. आमच्या वर्गात तिघांना आकडाच दिसेना. "हर जमात में दो-तीन निकलते हैं," डॉक्टर सहज म्हणाले. (तेवढाच दिलासा!) गावी पिंगळीला घरी मात्र मी अवाक्षर काढलं नाही. डोळ्यात खोट असलेल्या पोराला मुलगी कोण देणार?

तशात दादांनी, म्हणजे वडिलांनी, सोनपेठला मुली पाहायचं ठरवलं. मुली अशासाठी, की त्या घरात दोन चुलतबहिणी उपवर होत्या आणि जी पसंत पडेल ती द्यायला घरचे तयार होते. दोघी पोहे घेऊन आल्या. माझ्या हातून बशी कलंडली आणि पोहे थेट दादांच्या मांडीवर! एक जण गंभीर राहिली, दुसरी तोंडात पदर कोंबून हसली. मला ती हसणारी फार आवडली.

बाहेर येताच आत्यानं विचारलं, "कोणती रे? तांबड्या लुगड्यातली का हिरव्या?"

मुलीचं नाव मुलानं घेणं तेव्हा निर्लज्जपणाचं. 'हसली ती' म्हणावं, तर ती दादांच्याच फजितीला हसलेली! माझ्या लेखी दोन्ही लुगडी मातकट. अंदाजपंचे म्हणालो, "हिरवी." दादांनी लगेच शब्द देऊन टाकला.

साखरपुड्याला गेलो, तर पाटावर ती गंभीर मुलगी!

"दादा, ही न्हाई. दुसरी."

"तूच हिरवी म्हणलास की!"

मग सगळं कबूल करणं आलं. मुलींच्या काकांचा विश्वास बसेना. त्यांनी आतून सूपभर मिरच्या मागवल्या आणि त्यातली तांबडी काढायला सांगितलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं एक उचलली. सगळी ओसरी हसली. गंभीर मुलगी तर सुटल्यासारखी पाटावरून उठली!

काका म्हणाले, दोष दिसतोच आहे, आता त्या दुसऱ्या पोरीलाच विचारा. काकू आत गेल्या. माझा जीव टांगणीला. परत आल्या त्या हसू दाबतच.

"ती म्हणती, चालतंय. भाजी करपली तरी त्यांना कळायची न्हाई."

झालं लग्न. करपलेली भाजी अजूनही पानात पडते आणि मी ती मागून मागून खातो. माझं नाक शाबूत आहे, हे मी तिला अद्याप सांगितलेलं नाही!