सुलभाच्या शाळेला अनुदान का मिळालं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि सुलभाला — तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

सुलभा माझी मैत्रीण. भिवंडीतल्या एकाच शाळेत आम्ही शिकवायचो, एका डब्यात जेवायचो. मग दंगल झाली. गावात माणसं एकमेकांच्या गल्लीत जाईनाशी झाली. तेव्हा तिनं ठरवलं — हिंदू-मुसलमान पोरं एका बाकावर बसतील अशी शाळा काढायची. मराठी माध्यम, जोडीला उर्दू. टेमघरच्या वस्तीत बंद पडलेल्या लूमची एक शेड मिळाली. सुलभानं नोकरी सोडली. मी सोडली नाही, पण रविवारी जाऊन भिंतींना चुना लावला.

उर्दू शिकवायला नसरीन आली. मला ‘बाजी’ म्हणायची, मोठी बहीण. आणि मी — मी तिच्याकडे नुसती बघत बसायचे. ती आणि सुलभा कशावर तरी हसत असायच्या. मी आत गेले की मलाही सांगायच्या, पण सांगून झाल्यावर त्यात हसण्यासारखं काही उरायचं नाही. तुम्हाला झालंय कधी असं? आतून जळतंय, आणि वर हसू ठेवावं लागतंय?

अनुदानाशिवाय शाळा टिकणार नव्हती. ट्रेनिंग झालेल्या शिक्षिका, हवेशीर खोल्या, खेळायला जागा, मुलींसाठी मुतारी — नियमात होतं ते सगळं दोघींनी जमवलं. शेवटी शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, दोन्ही समाजांची मुलं एकत्र शिकतात म्हणून तुम्ही अनुदान मागताय, तर तपासणीला येईन तेव्हा ती मला वर्गात दिसली पाहिजेत.

आदल्या दिवशी मी गेले. दोघी फळ्याला रंग देत होत्या, हात कोपरापर्यंत काळे. मी पदर खोचला, तर सुलभा म्हणाली, “राहू दे गं, तुझी साडी खराब होईल.”

एवढंच. मायेनंच म्हणाली असेल. पण मला वाटलं, आता मी पाहुणी झाले.

परतताना नळावर यमुना भेटली. तिची दोन्ही पोरं त्या शाळेत होती. मी शिकलेली, ओळखीची बाई, म्हणून तिनं विचारलं, “बाई, साळा बरी हाय ना? वाकडं काय शिकवत न्हाईत ना?”

‘बरी आहे’ म्हणायला काय लागत होतं?

“मी माझ्या पोराला घातलं नसतं,” मी म्हणाले.

“का वो बाई?”

“उर्दूच्या नावाखाली कलमा पाठ करून घेतात.”

खोटं होतं. नसरीन त्यांना चिमणीचं गाणं शिकवायची. मी स्वतः दारात उभं राहून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीतलं एकही हिंदू मूल शाळेत गेलं नाही. साहेबांनी अर्धे रिकामे बाक पाहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो म्हणाले — भला माणूस. संध्याकाळी सुलभा माझ्याकडे धावत आली. “वस्तीतल्या बायका तुझं ऐकतात. समजावून बघ ना!”

तेव्हा तरी सगळं सावरता आलं असतं की नाही? मी यमुनेकडे गेलेही. चहा प्याले, तिच्या दारच्या वांग्यांबद्दल बोलले, आणि उठले. सुलभाला सांगितलं, “नाही ऐकत गं.”

साहेब पुन्हा आले, बाक तसेच. अनुदान नामंजूर झालं. त्याच सुमारास बायकांनी नसरीनला रस्त्यात अडवलं, पोरं बाटवायला आलीस का म्हणून. तिनं पुन्हा टेमघरात पाऊल टाकलं नाही. महिनाभरात शेडला कुलूप लागलं.

त्या दिवशी सुलभा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. “नसरीन मला भेटतसुद्धा नाही,” म्हणाली. “काय चुकलं गं माझं?”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती हुंदके देत होती, आणि मला — मला बरं वाटत होतं.