विरत जाणारा सूर

भाचीसाठी खेळण्यातला पियानो घ्यायचा, पण तो सुरातच हवा, हा माझा हट्ट. तीन वर्षांच्या कानांवर बेसूर पडला तर ते कायमचे बिघडतील, अशी मला धास्ती. पेटीचा क्लास अर्ध्यात सोडलेल्या माणसाला असल्या काळज्या फार. दुकानात मी एकेका पियानोवर सारेगम वाजवत, डोळे मिटून, सगळ्यांना नापास करत होतो.

"दादा, खेळणं घ्यायचंय, जावई नाही," बहीण म्हणाली.

तेवढ्यात माझ्या भाचीने, मनूने, मी नुकत्याच बाजूला सारलेल्या लाकडी पियानोची एक पट्टी दाबली आणि त्याला कान लावला. आवाज पार विरेपर्यंत ती हलली नाही. मगच दुसरी पट्टी.

मी बघतच राहिलो. सकाळपासून मी इतके सूर तपासले, पण एकही संपेपर्यंत ऐकला नव्हता. घरातल्यांची वाक्यं तरी कुठे ऐकतो? या चिमुरडीला ही सबुरी कुणी शिकवली असेल?

"मनू, हाच घ्यायचा का गं?"

तिने कान न उचलता ओठांवर बोट ठेवलं. मी मुकाट्याने वाकलो आणि दुसऱ्या बाजूने कान टेकवला. सूर अजून ऐकू येत होता.