मार्थाबाईंची मेणबत्त्यांची घरं

नाताळ जवळ आला की आमच्याकडे हमखास फर्माईश होते, "आई, रेल्वेच्या चाळीतलं सांग ना!" आणि एक सांगायला घ्यावं तर त्याच्या मागून दुसरं येतंच. मी काही हे किस्से जमवायला गेले नव्हते हो! लोणावळ्याच्या त्या चाळीत शेजारच असा मिळाला, की ते आपोआप साचत गेले.

*

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लग्न होऊन मी नुकतीच आले होते. आमचे हे स्टेशनात तारमास्तर, दिवसभर ड्यूटीवर. डिसेंबरची थंडी, ओळखीचं कुणी नाही, आणि मी दाराआड बसून रडतेय.

इतक्यात शेजारच्या मार्थाबाई आल्या. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती, त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड.

"वहिनी, रिकामा डबा आहे का? नाताळ आलाय, मेणबत्त्यांना घरं करायचीत."

का रडतेस, हे विचारलंसुद्धा नाही! पत्रा चेपू नये म्हणून मी दिलेल्या डब्यात त्यांनी ओली माती ठासून भरली, खडूनं वर चांदणी काढली आणि खिळा-हातोडी माझ्याच हातात दिली. "या रेघेवर भोकं पाडायची, म्हणजे आतल्या मेणबत्तीनं चांदणी उजळते. ठोका! जोरात ठोका!"

मी ठोकत सुटले. संध्याकाळपर्यंत चांदणी झाली आणि रडू कुठल्या कुठे गेलं.

*

पण तो डबा होता हिंगाचा! घासला होता मी, तरी हिंगच तो. प्रार्थनेच्या वेळी आत मेणबत्ती लागली, पत्रा तापला आणि वास अख्ख्या चर्चभर.

गार्डसाहेब घरी येऊन म्हणाले, "वहिनी, आजवर नुसतीच गाणी म्हणायचो. यंदा पहिल्यांदा फोडणी दिली!"

मी लाजून चूर. तर मार्थाबाई म्हणतात, "पुढच्या वर्षी मोहरीचा डबा द्या!"

*

आमच्याकडे दूध घालायला लोहगडाच्या पायथ्याकडून गंगूमावशी यायची. आम्ही डबा ठोकत बसलेल्या पाहून म्हणाली, "आवं, चाळण करताय व्हय?"

मार्थाबाईंनी तिला बाळ येशूची गोष्ट सांगितली. गोठ्यात जन्म, भोवती मेंढरं, सगळं. मावशी गहिवरली. "गोठ्यात बाळातपण? कुणी दार उघडंना? आगं माज्या बाई!" जाताना बजावून गेली, "मेंढरं म्या करून आनते. आमच्या खाचरात लय ग्वाड माती हाय."

नाताळच्या तोंडावर पाटी घेऊन हजर! चुलीत भाजलेली जनावरं, पाठीवर मेणबत्तीपुरतं भोक. पण शिंगं ही एवढाली, मागे वळलेली.

"मावशी, या म्हशी आहेत!"

"मंग? मेंढरू म्या कवा पाळलंय? म्हस पाळली, म्हस केली!"

आता चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, काय म्हणतात याची आम्हाला धास्ती. त्यांनी एक म्हैस हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "गोठाच आहे ना? मग म्हशीला कोण अडवणार!"

*

बाजारात हसनचाचा होते. पत्र्याचे डबे नि रॉकेलच्या चिमण्या बनवायचे. मार्थाबाईंनी त्यांना पत्र्याच्या चांदण्या कापून मागितल्या. चाचांनी दिल्या, पण प्रत्येक चांदणीशेजारी एकेक चंद्रकोर!

"चाचा, मी नुसती चांदणी म्हटलं होतं."

"बाई, एवढ्या आभाळात ती एकटी काय करेल?"

मार्थाबाईंनी मजुरी विचारली, तर चाचा कातर आपटून म्हणाले, "पुन्हा विचारलंत तर चंद्र परत घेईन!"

*

आमच्या ह्यांनाही एकदा बाटल्यांची घरं करायची हुक्की आली. बाटलीला रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा बांधायचा, पेटवायचा आणि गार पाण्यात बुडवायची, की म्हणे काच गोल कापली जाते. अंगणात चाळभर प्रेक्षक. एकामागून एक बाटलीचा चुरा! शेवटची मात्र टक्कन बरोबर दोऱ्यावर तुटली.

हे ऐटीत मार्थाबाईंकडे वळले, "बघा!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "वा भाऊजी! एक तरी नीट फुटली!"

*

आणि माझी पहिली मुलगी झाली ते वर्ष. लढाई चालू, रॉकेल मिळेना, मेणबत्त्यांचीही टंचाई. मार्थाबाईंनी मिळतील ते तुकडे वितळवून बारक्या मेणबत्त्या ओतल्या होत्या आणि त्यांना कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, पेरांची घरं केली होती. सगळी चर्चमध्ये मांडूनही झाली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मला कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरायचे होते. डॉक्टर परगावी गेलेले. गंगूमावशी गावात सुईणपणही करायची, म्हणून दूध घालायला आलेल्या तिलाच थांबवून घेतलं. तिनं पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहराच उतरला.

"पोर आडवं हाय. मला उजेड पायजे. ह्या चिमणीत काय बी दिसंना!"

मार्थाबाई उठल्या त्या पळतच बाहेर. थोड्याच वेळात डोक्यावर पाटी घेऊन परत आल्या. कोनाड्यात, खिडकीत, खाटेभोवती कळकाची पेरं उभी राहिली. खोली लख्ख झाली. मला आठवतो तो मावशीचा घाम आणि मार्थाबाईंच्या हातात घट्ट धरलेला माझा हात. मावशीनं बाळ वळवलं. पोर रडली, तेव्हा मावशी माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली.

तिकडे चर्चमध्ये काय झालं ते गार्डसाहेबांनी नंतर सांगितलं. लोक प्रार्थनेला जमले, तर आत काळोख. वेदीवर तेवढी एक मेणबत्ती.

पाळकसाहेबांनी विचारलं, "आपले दिवे कुठे गेले?"

गार्डसाहेब उभे राहिले. "आमच्या हिनं नेले, साहेब. शेजारच्या घरी बाळ यायचंय."

पाळकसाहेबांनी वेदीवरची मेणबत्ती उचलली, गार्डसाहेबांच्या हातात दिली आणि म्हणाले,

"मग ही का मागे ठेवली?"