भाभी सभासद झाल्या

वडील आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव होते आणि घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच पडून होत्या. चौसाळ्याच्या एका कापड दुकानदारानं आपल्या भाच्याला तिथं आणून ठेवलं. भाचा, त्याची बायको आणि म्हातारी आई असे तिघं सिंधमधून, म्हणजे पाकिस्तानातून आलेले. बातमी गावभर झाली. दोन-चार दिवस लोक काहीतरी निमित्त काढून आमच्या ओट्यावर बसून गेले, आणि बघण्यासारखं विशेष काही नाही असं कळल्यावर यायचे थांबले.

ते मिठाईचे कारागीर. तिकडं घरचं दुकान होतं. इथं हायवेवरच्या एका हॉटेलात ते पेढे-बर्फी करायचे. आम्ही त्यांना भाईसाब म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला भाभी. भाईसाब फार बोलत नसत. स्वतःचं दुकान काढायचं हे डोक्यात घेतलं होतं ते भाभींनी. पण हे लोक व्हिसावर राहणारे. जागा नावावर होईना, लायसन मिळेना, बँकेत विचारायला गेलं की आधी नागरिक व्हा म्हणायचे. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तरी पोलिस ठाण्याची परवानगी लागायची.

भाभींची धाकटी बहीण जळगावला दिली होती. तिच्या लग्नाला जायची परवानगी लग्न होऊन गेल्यावर आली. लग्नाच्या दिवशी भाभींनी सकाळीच नवी साडी नेसली, गोडाचा स्वयंपाक केला आणि आम्हा सगळ्यांना बोलावून पंगत बसवली. "लग्नाचं जेवण हाय, पोटभर जेवा," म्हणाल्या. आई जेवता जेवता रडली. भाभी वाढत राहिल्या.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, दुष्काळ पडला. दरवर्षी ऊसतोडीला जायची ती माणसं गेलीच, पण कधी गाव न सोडणारी घरंही त्या साली ट्रकमध्ये बसली. मागं राहिल्या बायका आणि म्हातारी माणसं, आणि चारा छावणीत बांधलेली जनावरं. त्यांचं दूध इतकं थोडं निघायचं, की दूध संघाचा टँकर आमच्या गावाला यायचा बंद झाला. वडील संस्थेच्या ऑफिसात रिकाम्या कॅनकडं बघत बसायचे. छावणीतल्या बायका थोडं थोडं दूध घेऊन दारात यायच्या आणि ते तसंच परत न्यायच्या.

भाभी एक दिवस सरळ वडिलांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, टँकर येत न्हाई तर आपण खवा करू. खव्याला टँकर लागत न्हाई. एसटीनं बी जातो."

वडिलांनी जळणाचं विचारलं. वेड्या बाभळी गावाभोवती हव्या तेवढ्या होत्या. लायसन संस्थेच्या नावावर काढायचं आणि भट्टी या दोघांनी मजुरीवर चालवायची, असं ठरायला लागलं. तेव्हा संचालकांपैकी एकानं विचारलं, की पाकिस्तानच्या माणसाच्या हातात संस्थेची भट्टी काहून द्यायची. वडील म्हणाले, "तुझ्या म्हशीचं दूध तू घरी ने. बाकीच्यांचं आटवू." दुसऱ्या दिवशी त्याचीच बायको चरवी घेऊन सगळ्यांच्या आधी आली होती.

तो उन्हाळा भाभींनी भट्टीपाशी काढला. बाहेर ऊन, आत जाळ. पदर खोचून त्या कढईत उलथनं फिरवायच्या आणि दूध घालायला आलेल्या बायकांशी गप्पा मारायच्या. आमच्याकडची बोली त्यांनी तिथं उचलली, ती इतकी, की फोनवर बहिणीशी सिंधीत बोलताना मधेच "न्हाई न्हाई" म्हणायच्या. खवा बीडला जायचा, पुढं आष्टीचे व्यापारीही यायला लागले. छावणीतल्या बायकांच्या हातात आठवड्याला काहीतरी पडू लागलं.

त्यांच्या सासूबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या. व्हिसावरच गेल्या. भाईसाबांना आधी ठाण्यात कळवायला जावं लागलं. चौकशीला नेहमी येणारा हवालदार त्यांच्याबरोबरच परत आला, आणि त्यानं खांदा दिला.

नागरिकत्वाच्या सुनावणीला त्यांना बीडला कलेक्टर कचेरीत बोलावलं तेव्हा मी तिथं कॉलेजात होते. वडिलांनी मला त्यांच्यासोबत जायला सांगितलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना खरंच कोडं पडलं होतं. तुमचे लोक जळगावला आहेत, उल्हासनगरला आहेत. या दुष्काळी भागातून माणसं बाहेर पडतात आणि तुम्ही इथं धंदा काढायचा म्हणता, ते का, असं त्यांनी हिंदीत विचारलं. भाईसाब शब्द शोधत राहिले. भाभी मराठीत बोलल्या.

"साहेब, गेलेली माणसं परत इथंच येत्यात. ते आले की सण असतो, लग्नं असत्यात, मिठाई लागती. आणि ते नसताना त्यांच्या म्हाताऱ्यांसोबत आमीच असतो. आमी कुठं जाऊ?"

साहेबांनी मान वर करून विचारलं, मराठी कुठं शिकलात. "छावणीतल्या बायांकडून," भाभी म्हणाल्या.

त्यानंतरही बरीच वाट बघावी लागली. नागरिकत्व मिळाल्याचं पत्र आलं तोवर पाऊसपाणी सुधारलं होतं, टँकर पुन्हा सुरू झाला होता आणि संस्थेची भट्टी विझली होती. भाईसाबांनी चौसाळ्यात रस्त्यालगत गाळा घेतला. पहिल्या दिवशी आमच्या गावातल्या बायका जीप करून गेल्या. भाभी गल्ल्यावर बसल्या होत्या. सगळ्यांना पेढे देऊन झाल्यावर त्या आईला एवढंच म्हणाल्या, की सासूबाईंना हा गाळा बघायचा होता.

दुकान चालू झाल्यावर भाभींनी एक गाय घेतली आणि दूध संस्थेच्या सभासद झाल्या. वार्षिक सभेत बायका मागं बसायच्या आणि चहा झाला की उठायच्या. त्या वर्षी नफ्यातून गावाच्या वेशीवर कमान बांधायचा विषय होता. वडिलांनीच तो मांडला होता. माना हलत होत्या, तेवढ्यात भाभी उभ्या राहिल्या.

"अण्णा, कमान दूध देत न्हाई. चाऱ्याला गोदाम बांधा. पाऊस परत जाणार न्हाई असं कुणी लिहून दिलंय का?"

मग मागच्या बायकांतली एक उठली, तिनं भाभींना दुजोरा दिला, आणि तिच्यामागून दुसरी उठली. विषय बदलून गोदामाचा करावा लागला.

घरी आल्यावर वडिलांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "लई अवघड बाई हाय." पण त्यांना हसू आवरत नव्हतं. गोदाम पुढच्या उन्हाळ्यात उभं राहिलं. वेशीवर अजून कमान नाही.