भिंतीतलं भगदाड

चर्चमागच्या कबरस्थानात मातीमामा बत्तीस वर्षं खड्डे खोदत आला होता. खोली तो अंगानं मोजायचा: गुडघा, कंबर, छाती, गळा. गळ्यापर्यंत आत उतरला की काम झालं. सुरुवातीला खालच्या अंगालाही गळ्याइतकी कोरडी माती मिळायची. मग कधीतरी छातीभर खोदलं की पाणी लागू लागलं. पाच वर्षांपूर्वी बायकोसाठी खोदताना ते कंबरेलाच लागलं. त्यानं बादलीनं उपसलं आणि मुलीला काही बोलला नाही. चार महिन्यांचा पाऊस आता चार तासांत कोसळून मोकळा होऊ लागला होता.

बायको अगदी खालच्या ओळीत होती. शेजारची जागा मामानं स्वतःसाठी राखली होती, कुणाला न विचारता. गेल्या पावसाळ्यात त्या ओळीमागची विटांची भिंत फुटली, पलीकडच्या गल्लीतलं पाणी आत शिरलं आणि चार दिवस कबरींवर उभं राहिलं.

म्हणून रविवारी उपासनेनंतर बैठक बसली. मामाची मुलगी नर्स होती. चर्चच्या समितीवरही होती. ती बापाशेजारी बसली. तरुण पाळकांनी वरिष्ठांकडून आलेलं पत्र वाचलं: हवामान बदलतंय, प्रत्येक चर्चनं काहीतरी करावं.

"पन्नास रोपं लावू," निवृत्त हेडमास्तर म्हणाले. "फोटो काढून पाठवू, झालं. पण आधी भिंत. सिमेंटची, पुरुषभर उंच. माझी आईही त्याच ओळीत आहे. आपली माणसं पाण्यात झोपलीत, लाज वाटायला हवी आपल्याला."

माना डोलल्या. पाळक मामाकडे वळले. "मामा, जमीन तुम्हाला ठाऊक. तुम्ही बोला."

"सांगा ना बाबा," मुलगी म्हणाली. "आई तिथं आहे."

मामानं टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. गप्प राहिला असता तर महिन्याभरात भिंत उभी राहिली असती, बायको कोरडी राहिली असती, त्याची जागाही.

"भिंत पडली नाही," तो म्हणाला. "मी पाडली."

"काय म्हणालात?"

"गल्लीत पाणी पोटाला लागलं होतं. ती शिंपीणबाई मशीन डोक्यावर घेऊन उभी, आणि सासूचा पलंग तिच्यासकट तरंगायला लागलेला. आपली जमीन त्यांच्यापेक्षा खाली आहे. पहार घेतली आणि घातले घाव. मेलेल्यांवर पाणी आलं, जित्यांवरचं उतरलं."

"अहो, विचारायचं तरी कुणाला!"

"तुमच्या दारात आलो होतो, सर. तुमची वामकुक्षी चालली होती."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. हेडमास्तरांचे कान तापले. "पत्रात झाडं लावा म्हटलंय. भिंती पाडा असं कुठं लिहिलंय?"

मुलगी मात्र हसली नाही. "आईच्या डोक्याशीच का पाडलीत? एवढी लांब भिंत होती."

"सगळ्यात खोलगट तिथंच आहे, पोरी. दुसरीकडे पाडून पाणी आलं नसतं."

ती बाकावर जरा दूर सरकून बसली.

"मग आता करायचं काय?" पाळकांनी विचारलं.

"भगदाड बुजवू नका, रुंद करा. आतल्या बाजूला, भिंत आणि ओळीच्या मधे मोकळी जमीन आहे, तिथं तळं खोदू. गल्लीचं पाणी तिथं बसेल, मुरेल. जोराचा पाऊस झाला तर ओळीवरही चढेल, ते टळायचं नाही. खाली नवीन कबर नको. माणसं आहेत तिथंच राहू द्यात, नावांचे दगड तेवढे वर न्या. चार टाळकी द्या, तळं मी खोदतो."

"आणि तुमची स्वतःची जागा?" हेडमास्तरांनी विचारलं. "आम्हाला काय ठाऊक नाही?"

"ती गेली," मामा म्हणाला.

हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिला पाळकांचा गेला, मग एकेक करत बाकीचे. हेडमास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. "माझ्या आईचा दगड मी उचलणार," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही हात लावायचा नाही." आणि त्यांनी हात वर केला.

मुलीचा हात मांडीवरच राहिला. तीन दिवस ती बापाचं ताट वाढायची आणि आत निघून जायची.

चौथ्या दिवशी सकाळी मामा दोरी आणि खुंट्या घेऊन तळ्याची आखणी करत होता. ती कामावर जायच्या कपड्यांतच आली. भगदाडातून गल्ली दिसत होती. शिंपीणबाईच्या दारात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. मुलीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"हीच का पलंगावरची?"

"हीच. तोंडाची भारी तिखट आहे. पाणी उतरल्यावर पहिलं काय बोलली असेल, तर गादी भिजवलीस म्हणून मलाच शिव्या."

मुलगी हसली नाही, पण तिनं पर्स भिंतीच्या फुटक्या विटेला अडकवून ओढणी कमरेला बांधली.

"आईचा दगड कुठं न्यायचा?"

"वर, पायऱ्यांजवळ."

"धरा तिकडून."

"पाठ सांभाळ. आणि बोटं."

दगड जड होता. पायऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर दोघांना तो तीनदा खाली ठेवावा लागला.