सोमाजीभाऊंनी मागितलेले दहा दिवस

सोमाजीभाऊंची आणि माझी पहिली भेट कुरखेड्याजवळच्या त्यांच्या मेंढवाड्यात झाली. गुरांच्या दवाखान्यात मी नुकताच कंपाउंडर म्हणून रुजू झालो होतो. मेंढ्यांना लस टोचायला गेलो, तर भुरी नावाची कुत्री मला आत पाऊल टाकू देईना. भाऊंनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेवढ्याने ती बाजूला झाली.

मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची ही जात भाऊंच्या घराने तीन पिढ्या सांभाळली आहे. डोळे उघडले की पिल्लाला ते कोकरांत निजवतात. पुढे वर्षभर ते पिल्लू जुन्या कुत्रीमागे चालते आणि कळपातून फुटलेली मेंढी न चावता वळवायला शिकते. चुकले तर भाऊ त्याला मारत नाहीत. कामावरून काढून पायाशी बसवून ठेवतात. तेवढी शिक्षा पुरते.

एका उन्हाळ्यात गावात पिसाळलेला कोल्हा शिरला. पुढे तीनेक आठवड्यांनी भुरीच्या तोंडातून लाळ गळू लागली, तिने खाणे सोडले. मी लांबूनच पाहिले आणि भाऊंना बाजूला घेऊन तिला गोळी घालायला सांगितले. भाऊ म्हणाले, “सायेब, दहा दिवस मले द्या. पिसाळली असन तर तेवढ्यात मरनच, मीच सांगीन तुमाले. नसन, तर मेलेली कुत्री मी कुठून परत आणू?”

त्यांनी तिला रानातल्या रिकाम्या झोपडीत साखळीने बांधले, लांब बांबूने पेजेचे भांडे पुढे सरकवले. कळपाभोवती स्वतःच धावले. बिबट्याने एक मेंढी नेली, तरी ते मला काही बोलले नाहीत.

अकराव्या दिवशी भुरी हडकुळी, पण शांत होती. भाऊंनी जबडा धरला. टाळूत रुतलेली बांबूची चीप मी चिमट्याने काढली; लाळ गळत होती ती तिच्यामुळेच.

तेव्हापासून भाऊ बाजारात सांगत आले, “सायबानं कुत्री वाचवली.” गोळी घालण्याचा माझा निकाल त्यांनी कुणाला कळू दिला नाही. म्हणून तो आज मीच लिहीत आहे. त्यानंतर जनावराला हात लावल्यावाचून मी कधी निदान केले नाही. ही त्यांचीच देणगी.

भाऊंनी साठी पूर्ण केली. गुडघे दुखतात, तरी रोज कळपामागे जातात. यंदा घरात पाच पिल्ले झाली आहेत. ती तयार होतील, मग त्यांचीही पिल्ले येतील. या सगळ्यांना शिकवायला भाऊंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.