हवा न लागलेला चिखल

नंदा गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काशीमीऱ्याच्या नाक्यावर तिचा फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि हात जोडलेला बिल्डर पुरुषभर उंच. घोडबंदरच्या खाडीत डेब्रिजचे डंपर रिकामे करून त्यावर टॉवर उभे करणारा हाच माणूस. मला शिसारी आली.

माझी ही धाकटी बहीण खाडी-समुद्राच्या गाळाचं रसायनशास्त्र अभ्यासायची. लग्न केलं नाही, मीरा रोडला आमच्याकडेच राहायची. ओहोटीला गुडघाभर चिखलात रुतून प्लॅस्टिकची नळी गाळात दाबायची, दोन्ही टोकांना बूच मारून घरी आणायची आणि थेट आमच्या फ्रीजमध्ये, दह्याशेजारी ठेवायची. सडक्या अंड्यांचा तो वास... मी नाक धरून ओरडायचो. "दादा, हा वास येतोय म्हणूनच आत सगळं टिकलंय," ती म्हणायची. गाळात हवा नसते. तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यातून हा वायू निघतो, आणि त्यातलं गंधक कुजणाऱ्या पानांच्या उरल्यासुरल्या अंशाला चिकटलं की तो अंश सहजी नष्ट होत नाही. "टायरच्या रबरात गंधक घालून ते टिकाऊ करतात ना, तसंच. फक्त हवा लागता कामा नये." शेवटच्या आजारपणातही तिचं एकच म्हणणं, नळ्या जप. जिथून त्या काढल्या ती जागा तोवर डेब्रिजखाली गेली होती.

तेराव्याच्या साफसफाईत सुमनमावशीनं नळ्यांची बुचं काढून त्या गॅलरीत उन्हात ठेवल्या. "वास तरी जाईल रे बाबा!" मायेनंच केलं तिनं. मी घरी येईपर्यंत काळाभोर गाळ वरून तपकिरी पडला होता. फ्रीजच्या तळाशी राहिलेली एकच नळी वाचली.

त्याच संध्याकाळी बिल्डर भेटायला आला. पांढराशुभ्र झब्बा, अत्तराचा घमघमाट. "मॅडमचं आपल्या खाडीवर फार प्रेम होतं. आपण गार्डनला त्यांचं नाव देतोय." गार्डन म्हणजे त्याच डेब्रिजवरचं लॉन! मी उठलो, फ्रीजमधून नळी काढली. बूच उघडून त्याच्या नाकाखाली धरायची होती. बुचावर अंगठाही ठेवला.

पण हवा लागली असती.

नळी परत ठेवली. अजून तिथेच आहे. बुचातून थोडा वास येतोच, कधीकधी दह्यालाही लागतो. आम्ही खातो.